अ‍ॅनाटॉमी पाठ होत नाहीये, जीएनएम पहिलं वर्ष, मदत हवी आहे

पहिलं_वर्ष

नमस्कार. गेली दोन वर्षं मी इथे नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मुरबाडकडची. बारावी आर्ट्स, मराठी माध्यम. यंदा नवी मुंबईत जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) नंबर लागला आणि आता कोपरखैरण्याला मामांकडे राहते. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं नव्हतं आणि इथे पहिल्याच महिन्यात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर आलं. रोज रात्री अकरापर्यंत वाचते, वहीत दहा-दहा वेळा लिहून काढते, आणि सकाळी उठले की पाटी कोरी. पहिल्या चाचणीत ७५ पैकी १९ मिळाले. घरी अजून सांगितलेलं नाही.

त्यात परवा वर्गात मॅडमनी विचारलं, पल्मनरी आर्टरीत कुठलं रक्त असतं? मी उभी राहून सांगितलं, शुद्ध. धमनीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध असंच शाळेत शिकले होते. मॅडम म्हणाल्या, चूक, बस खाली. का चूक ते कळलं नाही आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

इथे कुणी नर्सिंगचं, फिजिओचं, लॅबचं शिकलेलं असेल तर सांगा ना, तुम्ही हे सगळं लक्षात कसं ठेवलंत? स्टर्नोक्लायडोमास्टॉइड हा शब्द तर मला अजून सरळ म्हणताही येत नाही.

तलावपाळी

बाळ, बरं केलंस लिहिलंस ते. मी ठाण्यात ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तुझी चूक ही खरं तर आम्हा शिक्षकांची आहे. 'धमनीत शुद्ध रक्त' हे वाक्य मीही फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय, कारण मुलांना ते पटकन पाठ होतं. पण ती व्याख्याच नव्हे. हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. नाव दिशेवरून पडलंय, रक्तावरून नाही. आता पल्मनरी आर्टरी बघ. हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघून ती फुप्फुसांकडे जाते. हृदयापासून दूर चालली, म्हणून धमनी. पण तिच्यातल्या रक्ताला ऑक्सिजन अजून मिळायचाय. फुप्फुसांकडून डाव्या बाजूला परत येणाऱ्या पल्मनरी व्हेन्स या शिरा, आणि त्यांच्यात ऑक्सिजनने भरलेलं रक्त.

'अशुद्ध' हा शब्दही मनातून काढून टाक. शरीरभर फिरून हृदयाकडे परत आलेल्या रक्तातही हिमोग्लोबिन साधारण ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. विश्रांतीत शरीर पाव भागच वापरतं, उरलेला हाताशी ठेवतं. तू जिना धावत चढलीस की तो कामाला येतो.

घणसोली_लॅब

सरांना दुजोरा. मी लॅब टेक्निशियन आहे, रोज सकाळी साठ-सत्तर जणांचं रक्त काढतो. पुस्तकातल्या चित्रात शिरा निळ्या रंगवतात म्हणून नवीन मुलांना वाटतं आत निळं रक्त असेल. ट्यूबमध्ये येतं ते गडद, पिकलेल्या जांभळाकडे झुकणारं लाल. एबीजीसाठी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी) धमनीतून काढलेलं लालभडक असतं. दोन्ही ट्यूब शेजारी धरल्यास तर सरांचं वाक्य आयुष्यात विसरणार नाहीस. वॉर्डात संधी मिळेल तेव्हा बघून घे.

आणि स्वतःची कोपराची घडी बघ. तिथे आडवी गेलेली शीर बऱ्याच जणांना दिसते, ती मीडियन क्युबिटल. आम्ही रक्त तिथूनच घेतो, कारण ती मोठी असते, सहसा सरकत नाही आणि तिच्याखाली बायसेप्सच्या स्नायुबंधाचा एक चिवट पदर असतो. त्या पदराच्या खाली मोठी धमनी आणि मीडियन नर्व्ह. म्हणून सुई उथळ ठेवायची. हे मला पुस्तकातून समजलं नव्हतं. सीनिअरने माझंच बोट माझ्या कोपरावर दाबून खालचा ठोका दाखवला तेव्हा समजलं.

येऊरकर

सल्ला थोडा कडू वाटेल. एमबीबीएस केलंय म्हणून सांगतो, मराठी नावांच्या नादी लागू नकोस. परीक्षा इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, डॉक्टरांची ऑर्डर इंग्रजीत. अलिंद (हृदयाचं वरचं दालन), निलय (खालचं दालन) करत बसलीस तर दुप्पट पाठ करावं लागेल. रोज २० शब्द, थेट इंग्रजीत, तोंडाने मोठ्याने. सहा महिन्यांत सवय होते.

कळव्याची_सिस्टर

धागा वाचून राहवलं नाही. मी २७ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली नऊ वर्षं मुलींना शिकवण्यात. मीसुद्धा मराठी शाळेतून आलेली. ७५ पैकी १९ वाचून मला माझीच पहिली चाचणी आठवली.

तू वहीत दहादा लिहितेस ते आधी बंद कर. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक तुझ्या अंगावरच आहे. आत्ता, हे वाचता वाचता कर. आरशासमोर उभी राहा. मान डावीकडे वळव आणि हनुवटी जराशी वर कर. मानेच्या उजव्या बाजूला दोरीसारखा स्नायू वर आला ना? बोटाने त्याच्यावरून खाली ये. तो दोन ठिकाणी रुजलाय, एक छातीच्या मधल्या हाडावर आणि दुसरा गळ्याखालच्या आडव्या हाडावर. आता वर जा, कानामागे जो टणक उंचवटा लागतो तिथे तो संपतो. छातीचं हाड स्टर्नम, आडवं हाड क्लॅव्हिकल, कानामागचा उंचवटा मास्टॉइड. स्टर्नो, क्लायडो, मास्टॉइड. शब्द लांबलचक आहे खरा, पण तो पत्ता आहे, घर क्रमांक, गल्ली, नाका. आणि गंमत बघ, उजवा स्नायू आखडला की तोंड डावीकडे वळतं. हेही तू आत्ताच पाहिलंस, पाठ करावं लागलं नाही.

येऊरकर डॉक्टर, तुमचं म्हणणं परीक्षेपुरतं बरोबर आहे. नाव इंग्रजीतच यायला हवं, मी मुलींना तेच सांगते. पण समजायचं मात्र मराठीतच, कारण पेशंट मराठीत बोलतो. तो म्हणतो नडगीवर लागलंय, पोटरीत गोळा आलाय, जांघेत अवधाण आलंय, काखेत गाठ लागतेय, माकडहाडावर आपटलो, आवंढा गिळताना टोचतंय. मराठी शब्द ऐकल्याबरोबर जिच्या डोळ्यासमोर टिबिया, गॅस्ट्रोक्नेमिअस, लिम्फ नोड, कॉक्सिक्स उभं राहतं ती नर्स कामाची. दुप्पट पाठांतर नाही होत त्याने. एकाच जागेला दोन दारं असतात एवढंच.

येऊरकर

सिस्टर, मान्य. मी परीक्षेचा विचार करून लिहिलं, वॉर्डाचा राहून गेला.

आई_ऐरोली

मी या क्षेत्रातली नाही, तरी एक विचारू का? माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना त्याला शेंगदाण्याचा ठसका लागला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप आधी उजवीकडेच लावला आणि दाणा निघालाही उजवीकडूनच. त्यांना आधीच कसं कळलं?

कळव्याची_सिस्टर

ताई, श्वासनलिका छातीत दुभंगते तेव्हा उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि सरळ खाली उतरणारा असतो. डावा जरा आडवा जातो, कारण त्या बाजूला हृदयाला जागा करून द्यायची असते. म्हणून आत गेलेली वस्तू बहुतेकदा उजवीकडे जाते. त्याच कारणाने उजव्या फुप्फुसाला तीन खंड आणि डाव्याला दोन. लहानग्याच्या हाती अख्खा शेंगदाणा, चणा कधीच देऊ नका, कूट करून द्या.

फिजिओ_नेरूळ

छान धागा. हाताच्या हाडांवर मुली अडतात म्हणून लिहिते. मनगटात आठ छोटी हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळींत. अंगठ्याच्या बाजूने पहिली ओळ स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. दुसरी ओळ, पुन्हा अंगठ्याकडूनच, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. मी विद्यार्थी असताना ठाणे-नेरूळ रोज लोकलने यायचे, तेव्हा हे वाक्य जुळवलं होतं: सकाळी लोकल ट्रेन पकडली, ट्रान्सहार्बर ट्रॅकवर काही हललीच नाही. शेवटचा 'नाही' सोडून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घे, आठही हाडं ओळीने येतात.

पण नुसतं वाक्य पाठ करून थांबू नकोस. अंगठा ताणून वर कर. मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या उठतात आणि मध्ये खळगा पडतो. पूर्वी लोक तिथे तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून डॉक्टर त्याला स्नफबॉक्स म्हणतात. त्या खळग्याच्या तळाशी बोट दाबलंस की स्कॅफॉइड लागतो.

हे का सांगते? माझा सख्खा भाऊ घोडबंदर रोडवर पावसात बाइकवरून घसरला आणि पडताना तळहात टेकला. जिथे नेलं तिथे एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्या खळग्यात बोट दाबलं तर तो कळवळला. हे बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. अशा वेळी मनगट आधार देऊन स्थिर ठेवायचं आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, हे मी नुकतंच शिकले होते. दुसऱ्या फोटोत भेग दिसली. स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि मागे जातं. मधेच हाड तुटलं तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरू शकतो. चिंचोक्यापेक्षा थोडंच मोठं हाड, पण ते बिघडलं तर जन्मभर मनगट दुखतं. रक्त कुठून येतं हे ज्याला माहीत असतं तोच त्या खळग्याला घाबरतो.

पहिलं_वर्ष

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, मी आरशासमोर केलं. मामी विचारत होत्या, मान अवघडली का. मग त्यांनाही दाखवलं, त्यांच्या मानेवर तर जास्त स्पष्ट दिसतो. आता मला तो शब्द न अडखळता म्हणता येतो.

सर, दिशेचं समजलं. पण हृदय म्हणजे पंप एवढंच माझ्या डोक्यात आहे. अलिंद, निलय, झडपा, एसए नोड हे सगळं एका वेळी कसं चालतं ते जुळत नाही.

तलावपाळी

तुला एक गणित घालतो. निरोगी माणसाच्या हृदयाची डावी बाजू एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ठोके धर ७२. गुणाकार कर.

पहिलं_वर्ष

५०४० मिली. म्हणजे पाच लिटर?

तलावपाळी

बरोबर. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दहा पिशव्या, दर मिनिटाला. आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं. तेच रक्त फिरत असणार हा निष्कर्ष विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने अशाच गुणाकाराने काढला आणि १६२८ साली छापला. त्याआधी युरोपात दीड हजार वर्षं लोक गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं म्हणणं धरून होते, की यकृतात रोज नवं रक्त तयार होतं आणि अवयव ते वापरून टाकतात. हार्वेने विचारलं, एवढं रक्त दर अर्ध्या तासाला तयार करायला माणूस खातो तरी किती?

त्याचा दुसरा पुरावा तू घरी करू शकतेस. दंडावर ओढणी हलकेच बांध, फार आवळू नकोस. हाताच्या खालच्या भागातल्या शिरा फुगतील आणि त्यांच्यावर मध्ये मध्ये गाठीसारखे फुगवटे दिसतील. त्या झडपा. शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेव. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत एका गाठीच्या पलीकडे ने आणि ते बोट उचल. मधला तुकडा रिकामाच राहील, वरचं रक्त गाठ ओलांडून खाली येणार नाही. आता खालचं बोट उचल, झरकन भरेल. मी हे दरवर्षी आठवीच्या वर्गात करायचो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन बघायची.

फिजिओ_नेरूळ

सरांच्या झडपांना जोडून. पायातलं रक्त चार फूट वर चढायचं तर हृदयाची ढकल पुरत नाही. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा पिळतो, झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, म्हणून ते वर सरकतं. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी. आमच्याकडे सोसायट्यांचे वॉचमन, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली आणि हो, नर्सेस येतात, पायांच्या शिरा गाठाळलेल्या. बारा तास एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडल्यासारखाच. वर्ष संपून ड्युट्या लागल्या की उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायची सवय लाव.

कळव्याची_सिस्टर

आता झडपा आणि एसए नोडचं सांगते. हृदय आपल्या मुठीएवढं, वजन अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या मधलं. वर दोन दालनं, खाली दोन. वरची रक्त घेतात, खालची ढकलतात. खालच्यात डावं निलय जाड भिंतीचं, कारण त्याला अख्ख्या अंगाला रक्त पुरवायचंय. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच जायचंय, म्हणून त्याची भिंत पातळ.

ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातल्या एसए नोडपासून. तिथून विजेची लाट दोन्ही अलिंदांवर पसरते, ती आवळतात आणि रक्त खाली उतरतं. मग लाट एव्ही नोडपाशी सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबते. हे थांबणं मुलींना कळत नाही, आणि खरी युक्ती तिथेच आहे. वरची दालनं रिकामी व्हायच्या आत खालची आवळली तर भरलेलं नसताना ढकलतील. थांबून मग बंडल ऑफ हिस आणि पर्किंजी तंतूंमधून लाट एकदम खाली उतरते आणि निलयं आवळतात. त्या क्षणी वर-खालच्या दालनांमधल्या झडपा मिटतात, तो 'लब'. रक्त बाहेर गेल्यावर मोठ्या धमन्यांच्या तोंडाच्या झडपा मिटतात, तो 'डब'. म्हणजे स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येतो तो झडपा मिटण्याचा आवाज.

नाडी कशी बघायची तेही आत्ताच शीक. अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला मनगटावर, हाडाच्या आत आणि दोरीसारख्या स्नायुबंधाच्या बाहेर. तीन बोटं ठेवायची, स्वतःचा अंगठा ठेवायचा नाही, नाहीतर आपल्याच अंगठ्यातला ठोका पेशंटचा म्हणून मोजशील. पुष्कळजणी १५ सेकंद मोजून चारने गुणतात. पहिली दोन वर्षं तू पूर्ण मिनिट मोज. आकडा तर मिळतोच, पण बोटांना चाल कळते. एकसारखी आहे, मध्येच ठोका गाळते, की अगदीच बेताल. चाल कळायला मिनिट लागतं.

घणसोली_लॅब

सिस्टर, एक शंका. काळीज म्हणजे हृदय ना? पण मटणवाल्याकडे कलेजी मागितली की यकृत देतो.

कळव्याची_सिस्टर

साधी वाटते पण या शंकेवर माझी एक रात्र गेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. नाइट ड्युटी, पहाटे तीनच्या सुमाराला खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातल्या आजी आल्या. म्हणाल्या, "काळजाखाली जळतंय गो." हात ठेवला होता पोटाच्या वर, बरगड्या जिथे दोन बाजूंना फाकतात तिथे. मुलगा म्हणाला, रात्री सुकट तिखट झाली होती, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन द्या, घरी नेतो. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण कपाळाला हात लावला तर गार घाम. जळजळीला असा घाम येत नाही. मी डॉक्टरांना उठवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता.

त्या रात्रीनंतर मी पुस्तक नव्याने वाचलं. हृदय पोकळीत लटकलेलं नसतं. त्याची खालची बाजू डायफ्रामवर टेकलेली असते, आणि डायफ्रामच्या लगेच खाली जठर. मध्ये एक पातळ स्नायूचा पडदा. शिवाय आतल्या अवयवांच्या संवेदना कातडीसारख्या नेमक्या नसतात. हृदयाकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात छातीच्या वरच्या भागात शिरतात आणि हाताच्या आतल्या बाजूची, छातीची कातडी त्याच पातळ्यांवर शिरते. मेंदूला आयुष्यभर कातडीचे निरोप घ्यायची सवय, म्हणून तो दुखणं हातात, जबड्यात, पोटाच्या वर आहे असं समजतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत कळ न येता नुसती जळजळ, उमासे, धाप किंवा थकवा घेऊन झटका येऊ शकतो. काळजाखाली म्हणजे त्यांना हृदय म्हणायचं होतं की पोट, हे मला आजतागायत माहीत नाही. शब्दावर जाऊन बसले असते तर आजी घरी गेल्या असत्या.

डायफ्रामचं आणखी एक. पोटात बाळाची घडण होताना तो मानेजवळ सुरू होतो आणि नंतर खाली सरकतो. पण नस मानेतलीच राहते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघणारी फ्रेनिक नर्व्ह. लेक सासरी गेली तरी माहेरची वाट तशीच राहते, तसं. म्हणून पित्ताशय सुजून डायफ्रामला लागलं की दुखतं उजव्या खांद्याच्या टोकाला. पेशंट खांदा चोळत येतो आणि आजार असतो बरगडीखाली.

येऊरकर

सिस्टर, हे मी लेक्चरमध्ये शिकलो होतो, पण असं ऐकलं नव्हतं. इंजेक्शनच्या जागेबद्दलही लिहा ना. जीएनएमच्या मुलींना पहिल्या वर्षातच लागतं.

कळव्याची_सिस्टर

लिहिते. कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे, उभी एक रेघ, आडवी एक. सुई वरच्या बाहेरच्या भागात. कारण खालच्या आतल्या बाजूने सायटिक नर्व्ह जाते, शरीरातली सगळ्यात जाड नस, जवळपास अंगठ्याएवढी. तिला सुई किंवा औषध लागलं तर पाऊल वर उचलता येत नाही, माणूस पाय फरफटत चालतो. मी विद्यार्थिनी असताना माझी सुई एकदा जागेच्या दोन बोटं खाली चालली होती. सीनिअर सिस्टरांनी माझं मनगट हवेतच धरलं. ओरडल्या नाहीत. पेशंट गेल्यावर स्वतःच्या साडीवरून जागा दाखवली आणि म्हणाल्या, रेघ डोळ्यांनी नाही, हाडं चाचपून ओढ. तेव्हापासून कंबरेच्या हाडाची कड आणि मांडीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागल्याशिवाय मी सुई उचलत नाही. आता कुल्ल्याच्या बाजूच्या ग्लुटिअस मीडिअस स्नायूत द्यायची पद्धत जास्त सुरक्षित मानतात, तिथे मोठी नस नाही. तान्ह्या बाळांना मात्र मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, कारण त्यांचे कुल्ल्याचे स्नायू अजून भरलेले नसतात.

तलावपाळी

मुलीला आणखी एक सांगावंसं वाटतं. सुश्रुतांनी शरीरात ३०० हाडं सांगितली, आपण आज २०६ म्हणतो. त्यांनी दात आणि कूर्चाही हाडांत धरल्या, म्हणून आकडा वाढला. प्रेत वाहत्या पाण्यात ठेवायचं, मऊ पडलं की गवताच्या कुंचल्याने एकेक थर खरवडत डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आणि १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, नऊवारी नेसून. तुझ्या मुरबाडहून कल्याण किती लांब आहे ते तुला माहीतच आहे.

किडनीचंही एक गणित देऊन ठेवतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण १२५ मिली द्रव गाळतात. दिवसाचे किती?

पहिलं_वर्ष

१२५ गुणिले १४४०. एक लाख ऐंशी हजार मिली. १८० लिटर!! पण एवढी लघवी कुठे होते?

तलावपाळी

ऑफिसात पाण्याचे २० लिटरचे जार येतात ना, तसे नऊ. त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं नलिकांमधून परत रक्तात घेतलं जातं. किडनी आधी सगळं अंगणात काढते आणि मग हवं ते मोजून आत घेते. नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीच्या, आकृतीत कुठे काय परत घेतलं जातं ते या दृष्टीने बघ.

पहिलं_वर्ष

खूप दिवसांनी धागा वर काढतेय. दुसऱ्या चाचणीत ७५ पैकी ४४ मिळाले. नेफ्रॉनचा प्रश्न आला होता, पूर्ण लिहिला. घरी दोन्ही मार्क एकदमच सांगितले.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यापासून वॉर्डात जातोय. काल एका आजोबांची नाडी बघायला सांगितली. मैत्रिणीने १५ सेकंद मोजून ७२ लिहिली होती. मी सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण मिनिट धरली. मला ८८ मिळाली, पण आकड्यापेक्षा चालच वेगळी होती. दोन ठोके पटापट, मग थांबा, मग एक जोरात, मग हलके तीन. कुठलाच ताल पुन्हा येत नव्हता. मला वाटलं माझंच चुकतंय. दुसरा हात धरला, तिथेही तसंच. मग इनचार्ज सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी स्वतः बघितली आणि ईसीजी काढायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, एट्रियल फिब्रिलेशन.

कळव्याची_सिस्टर

शाब्बास गं. एसए नोडचं ऐकणं बंद होऊन अलिंदं नुसती थरथरत राहतात, एव्ही नोड त्यातली मिळेल ती लाट खाली सोडतो, म्हणून ताल नसतो. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघाताचा झटका येतो, म्हणून हे वेळेवर कळणं महत्त्वाचं. शंका आल्यावर दुसरा हात धरून बघितलास हे मला सगळ्यात आवडलं.

आता पुढचं. अशा पेशंटला मनगटावरची नाडी पुरत नाही. काही ठोक्यांना निलय नीट भरलेलं नसतं, हृदय आवळतं पण लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणून दोघींनी एकाच वेळी मोजायचं, एकीने नाडी आणि दुसरीने स्टेथोस्कोप लावून छातीवर. फरक येतो त्याला पल्स डेफिसिट म्हणतात, चार्टवर दोन्ही आकडे लिहायचे. जागा अशी शोध: गळ्याच्या खाचेतून बोट छातीच्या हाडावर खाली आण, चारेक सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत पाचव्या बरगडीखालच्या फटीत जा, आणि डाव्या गळ्याच्या हाडाच्या मधोमध मनात उभी रेघ सोड. रेघ आणि फट मिळते तिथे हृदयाचं टोक. आधी आजोबांना विचार, स्टेथोस्कोपची चकती तळव्यावर घासून ऊबदार कर आणि मगच लाव.

पहिलं_वर्ष

आत्ता स्वतःवर मोजून बघितलं, पाचवी फट सापडली. उद्या सकाळची ड्युटी आहे. मैत्रीण नाडी धरेल, मी छातीवर ऐकेन, घड्याळ भिंतीवरचं एकच.